शेकर निर्दोष होता: झोप न घेणाऱ्या माश्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

फळमाश्यांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेतलं हे प्रकरण. संबंधितांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, शास्त्र तसंच ठेवलं आहे. मी त्या विद्यार्थिनीच्या प्रबंध-समितीवर होते. या प्रकरणातला एक चुकीचा सल्ला माझाच होता, तोही पुढे येईल.

विद्यार्थिनीचा मूळ प्रश्न सरळ होता. माशीच्या मेंदूतल्या एका छोट्या गटातल्या चेतापेशी गप्प केल्या, तर झोप बदलते का? त्यासाठी तिने गॅल-४ आणि यूएएस ही जोडी वापरली. १९९३ पासून माशीवाल्यांच्या हाताशी असलेली ही पद्धत: गॅल-४ ठरवतं कुठल्या पेशीत, यूएएस ठरवतं काय बनवायचं. तिच्या यूएएसच्या मागे किर २.१ नावाची पोटॅशियम वाहिनी होती. ही वाहिनी पेशीत भरपूर बनली की पेशी विश्रांतीच्या विभवाजवळच अडकून राहते आणि सहसा संदेश सोडत नाही.

झोप मोजायची रीतही ठरलेली. ५ मिलिमीटर व्यासाच्या काचनळीत एक माशी, एका टोकाला साखर-आगारचं खाणं, मधोमध अवरक्त किरण. माशीने किरण तोडला की नोंद. सलग ५ मिनिटं नोंद नाही, तर ती झोप. ही व्याख्या मनाला येईल तशी घेतलेली नाही. इतका वेळ निश्चल राहिलेल्या माशीला उठवायला जास्त धक्का लागतो आणि झोपू दिलं नाही तर ती नंतर भरपाई करते, हे २००० साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं होतं.

गॅल-४ दुसऱ्या गुणसूत्रावर होतं, यूएएस तिसऱ्यावर. दर वेळी क्रॉस लावून, म्हणजे दोन वाणांचा संकर करून, माश्या काढण्याऐवजी तिने दोन्ही घटक दुहेरी प्रतीत (जोडीतल्या दोन्ही गुणसूत्रांवर) असलेला कायमचा स्टॉक, म्हणजे पिढ्यानपिढ्या चालणारं वाण, बांधला. वेळ वाचत होता, दर आठवड्याला हव्या तितक्या माश्या मिळत होत्या. सगळे असंच करतात असं नाही, पण बरेच जण करतात.

समस्या

आलेख पाहिला तेव्हा समितीतल्या सगळ्यांचेच डोळे विस्फारले. प्रयोगातल्या माश्या दिवसा जवळजवळ झोपतच नव्हत्या आणि रात्री तुकड्यातुकड्याने. जाग्या असताना दर मिनिटाला होणारी हालचाल मात्र वाढलेली नव्हती, म्हणजे ही निव्वळ चळवळी माशी नव्हती. कंट्रोल माश्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या माश्या, व्यवस्थित झोपत होत्या.

ते कंट्रोल काय होते, ते नीट पाहायला हवं. पहिला: यूएएस एकटं, दोन प्रतींत. दुसरा: गॅल-४ एकटं, पण एकाच प्रतीत, कारण ते पांढऱ्या डोळ्यांच्या प्रमाण स्टॉकशी क्रॉस करून काढलं होतं. वाचताना ही फट चटकन दिसते. तेव्हा चार महिने ती कुणालाच दिसली नाही. बहुतेक शोधनिबंधांत गॅल-४ चा कंट्रोल एका प्रतीतच असतो आणि तिथे ते बरोबरही असतं, कारण प्रयोगातही गॅल-४ एकाच प्रतीत असतं. इथे प्रयोग बदलला होता, कंट्रोल जुनाच राहिला.

प्रयोगशाळेच्या साप्ताहिक बैठकीत एका नव्या मुलाने विचारलं, "गॅल-४ दोन प्रतींत, यूएएसशिवाय, असं मोजलंय का?" मोजलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मोजलं. त्याही माश्या झोपत नव्हत्या. त्यांच्यात किर २.१ नव्हतंच, म्हणजे कुठलीही चेतापेशी गप्प केलेली नव्हती. झोपमोड गॅल-४ च्या गुणसूत्रातूनच, किंवा त्या स्टॉकच्या इतर गुणसूत्रांतून येत होती.

पर्याय

त्या संध्याकाळी मार्गदर्शक, विद्यार्थिनी आणि मी बसलो. समोर तीन वाटा होत्या.

पहिली, हा गॅल-४ स्टॉक टाकून द्यायचा, त्याच पेशींसाठी दुसरा मागवायचा आणि पुढे चालायचं. सगळ्यात जलद. पण त्याच पेशींत नेमकं चालणारं दुसरं गॅल-४ तेव्हा उपलब्ध नव्हतं.

दुसरी वाट म्हणजे प्रमाण स्टॉकशी पाच-सहा पिढ्या क्रॉस करून पार्श्वभूमी, म्हणजे गॅल-४ सोडून बाकीची गुणसूत्रं, धुऊन काढायची. हे कधीतरी करायलाच हवं होतं. पण दोष गॅल-४ च्या जवळच असेल, तर लाल डोळे (गॅल-४ सोबत येणारी खूण) बघून माश्या निवडताना आपण दोषही सोबत निवडत राहू.

तिसरी, कारण शोधायचं. यात वेळ किती जाईल हे माहीत नव्हतं. मार्गदर्शकांचा कल दुसऱ्या वाटेकडे होता, विद्यार्थिनीचा तिसऱ्या. दोन्ही एकाच वेळी चालवायचं ठरलं. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो, कारण पाच पिढ्यांना जायचा तो वेळ जाणारच होता.

यानंतर मी तो सल्ला दिला. इतकी कमी झोप म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच नाव आलं: शेकर. विस्कॉन्सिनमधल्या गटाने २००५ मध्ये सुमारे ९००० वाणं तपासून 'मिनिस्लीप' नावाची माशी शोधली होती. ती नेहमीच्या माशीच्या एक तृतीयांशच झोपायची, आणि दोष निघाला शेकर या पोटॅशियम वाहिनीच्या जनुकातल्या एका अमिनो आम्लाच्या बदलाचा. मी म्हटलं, आधी शेकरच्या जनुकाचा डीएनए-क्रम काढा. विद्यार्थिनीने काढायला घेतला. शेकरचं जनुक एक लाखाहून जास्त बेसजोड्यांवर पसरलेलं, तुकडे अनेक, जोडण्या अनेक. तीन आठवडे गेले. शेकर निर्दोष निघाला.

ईथरची बाटली

वळण आलं ते एका ज्येष्ठ तंत्रज्ञांमुळे. ते स्टॉक सांभाळायचे. गॅल-४ चा हा स्टॉक दुहेरी प्रतीत फार टिकत नाही, व्हायलमध्ये (माश्या वाढवायच्या नळीत) माश्या लवकर मरतात, असं त्यांनी आधीही बोलून दाखवलं होतं. या वेळी त्यांनी विचारलं, "ईथर देऊन पाहिलंस का यांना?"

आता सहसा कुणी ईथर वापरत नाही. माश्यांना बेशुद्ध करायला सगळीकडे कार्बन डायऑक्साइडचा पॅड असतो. तो सोयीचा आणि सुरक्षित आहे, पण एक गोष्ट तो दाखवत नाही. शेकरला ते नाव मिळालं ईथरमुळेच: ईथरखाली ही माशी पाय थरथरवते. १९६९ मध्ये कॅप्लान आणि ट्राउट यांनी अशा थरथरणाऱ्या माश्यांचं सविस्तर वर्णन केलं. त्यांत शेकर होता, हायपरकायनेटिक होता, आणि नाचणाऱ्यांच्या क्लबवरून नाव ठेवलेला ईथर-अ-गो-गोही होता. त्या काळी प्रत्येक जण रोज ईथर द्यायचा, म्हणून हे लक्षण नजरेस पडायचं. आमच्या पिढीत ते नजरेआड झालं.

धूर-कक्षात, ज्योतीपासून लांब, नव्या सीलबंद बाटलीतून ईथर घेऊन चाचणी केली. (जुन्या उघड्या बाटलीत पेरॉक्साइडं साठतात आणि ती स्फोटक असतात. ही चाचणी करायची असेल तर यात तडजोड नको.) दुहेरी प्रतीतल्या माश्या पाठीवर पडल्या, आणि बेशुद्धीतही त्यांचे पाय थरथरत राहिले. कंट्रोल माश्यांचे पाय स्थिर होते.

हा क्षण या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा होता, त्याला दोन कारणं. एक म्हणजे दोष शेकरच्या विद्युतप्रवाहाशी निगडित असणार असा जोरदार इशारा मिळाला. दुसरं कारण जास्त व्यवहारी. झोप ही मोजायची गोष्ट आहे. तिला पार्श्वभूमी, वय, लिंग, गर्दी, सगळ्याचा वास लागतो, आणि उत्तर कळायला आठवडा जातो. पाय थरथरणं ही बघायची गोष्ट आहे. हो किंवा नाही, दोन मिनिटांत. अनुवंशशास्त्राला असंच लक्षण लागतं.

पण कोडंही इथेच पडलं. प्रवाह शेकरचा बिघडलेला दिसतो आणि शेकरचं जनुक धडधाकट आहे.

वाहिनी एकटी नसते

इथे थोडं थांबून वाहिनीकडेच पाहायला हवं. शेकर वाहिनी चार सारख्या उपएककांची बनते. पेशीचं विभव चढलं की ती झटकन उघडते, पोटॅशियम बाहेर जातं, संदेश वेळेत आवरला जातो. मग उपएककाचं आतलं टोक बूच बसावं तसं छिद्रात बसतं आणि प्रवाह थांबतो. १९८७ मध्ये या जनुकाचं क्लोनिंग झालं आणि पोटॅशियम वाहिन्यांच्या अभ्यासाचं दारच उघडलं. त्यामुळे आपल्या सगळ्यांच्या मनात वाहिनी म्हणजे जनुक, जनुक म्हणजे वाहिनी, असं समीकरण बसलं.

प्रत्यक्षात वाहिनीला सोबती असतात. पटलाच्या आतल्या बाजूला हायपरकायनेटिक हे प्रथिन शेकरला चिकटलेलं असतं. त्याची घडण विकरांसारखी आहे, त्यात एनएडीपीएचचा रेणू बसतो, आणि ऑक्सफर्डच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की त्या रेणूची ऑक्सिडित अवस्था झोप आणणाऱ्या चेतापेशींच्या शेकर प्रवाहात फरक पाडते. म्हणजे पेशीच्या चयापचयाचा हिशेब या सोबत्यामार्फत वाहिनीपर्यंत पोहोचतो. हायपरकायनेटिकच्या उत्परिवर्तनांतही झोप घटते आणि पाय थरथरतात.

बाहेरच्या बाजूला स्लीपलेस आहे. अमिता सेहगल यांच्या गटाने २००८ मध्ये सुमारे ३५०० वाणं चाळून हे जनुक शोधलं. ते जवळजवळ पूर्ण नाहीसं झालं की माशीची झोप ८० टक्क्यांहून जास्त घटते. हे छोटंसं प्रथिन पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर एका स्निग्ध नांगराने अडकलेलं असतं, आणि त्याची घडी नागाच्या चेताविषांच्या कुळातली, तीन बोटांची. ते शेकरशी संकुल करतं, शेकरचं प्रमाण टिकवतं आणि वाहिनीचं उघडणं जलद करतं. ते नसेल तर शेकरचा आरएनए तितकाच राहतो, प्रथिन मात्र घटतं. आपल्या कोड्याचं उत्तर असं दिसू शकतं, हे इथे लक्षात यायला लागतं.

चर्चेत तिसरंही एक नाव आलं होतं, स्लॉब. तो शेकरचा नाही, स्लोपोकचा सोबती. स्लोपोक ही कॅल्शियमने उघडणारी पोटॅशियम वाहिनी. १९९८ मध्ये यीस्टमध्ये तिच्या शेपटीचं आमिष लावून, तिला चिकटणारं प्रथिन म्हणून स्लॉब सापडला. फॉस्फेट लागलं की स्लॉबला १४-३-३ नावाचं आणखी एक प्रथिन येऊन चिकटतं आणि तिघांचं मिळून वाहिनीचं वागणं बदलतं. स्लॉबचे अनेक प्रकार आहेत आणि ते सगळे वाहिनीला एकाच दिशेने ढकलत नाहीत. शिवाय स्लॉबचं प्रमाण दिवस-रात्रीच्या तालावर चढतं-उतरतं. झोपेचा प्रश्न असल्यावर हा उमेदवार मोहात पाडणारा होता. विद्यार्थिनीने त्यावर वाचन करून दोन दिवस घालवले, आणि ते वाया गेले असं मी म्हणणार नाही. पण स्लोपोकच्या उत्परिवर्तनांची ओळखीची खूण वेगळी आहे: उष्णतेत नेल्यावर माशी जागच्या जागी खिळून राहते. आमच्या माश्या उष्णतेत इतरांसारख्याच पळत होत्या. स्लॉब यादीत खाली गेला.

कृती

खरं तर पहिल्याच दिवशी करायची गोष्ट आता केली: दोन उलटसुलट क्रॉस. दोषी मादी आणि निर्दोष नर, तसंच निर्दोष मादी आणि दोषी नर. माशीच्या नराला एक्स गुणसूत्र फक्त आईकडून मिळतं. दोष एक्सवर असेल, तर दोषी मादीचे सगळे मुलगे थरथरणार. शेकर, हायपरकायनेटिक आणि ईथर-अ-गो-गो, तिन्ही एक्सवर आहेत. २५ अंशांवर दहा दिवसांत पिढी बाहेर येते. बाराव्या दिवशी उत्तर हातात होतं: दोन्ही क्रॉसमधला एकही मुलगा थरथरला नाही, एकही मुलगी नाही.

दोन व्हायली आणि बारा दिवस. एवढ्यात शेकरचं जनुक बाद झालं असतं, ज्यासाठी आम्ही तीन आठवडे आणि क्रम काढण्याचा खर्च घातला होता. दोष अप्रभावी होता, म्हणजे दोन्ही प्रतींत असेल तरच दिसणारा, आणि एक्सवर नव्हता. त्याच क्रॉसच्या अपत्यांना आपसांत लावल्यावर पुढच्या पिढीत थरथरणाऱ्या माश्या पुन्हा दिसल्या. गॅल-४ वर लाल डोळ्यांची खूण होती, आणि थरथरणाऱ्या माश्यांत लाल डोळ्यांच्या भरपूर होत्या, पण सगळ्याच नव्हत्या. म्हणजे दोष दुसऱ्या गुणसूत्रावर, पण गॅल-४ पासून थोडा दूर, अशी शक्यता दिसू लागली.

स्लीपलेसही याच दुसऱ्या गुणसूत्रावर, त्याच्या उजव्या भुजेवर आहे. गंमत म्हणजे त्या जागेवरचं एक थरथरणारं उत्परिवर्तन कितीतरी आधीपासून क्विव्हर या नावाने माहीत होतं आणि त्यात शेकरचा प्रवाह घटतो हेही माहीत होतं. पुढे कळलं की क्विव्हर आणि स्लीपलेस हे एकच जनुक. पायावरून शोधणाऱ्यांनी एक नाव ठेवलं, झोपेवरून शोधणाऱ्यांनी दुसरं.

पूरकता-चाचणी लावली: दोन दोष एकाच जनुकात आहेत का, हे ती सांगते. आमचं गुणसूत्र एका बाजूला, स्लीपलेसचं माहीत असलेलं उत्परिवर्तन दुसऱ्या बाजूला. अपत्यांचे पाय थरथरले आणि झोपही गेली. दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढली नाही.

इथे आणखी एक निर्णय होता. विद्यार्थिनीला वाटलं, झालं, जनुक सापडलं. मला ते पुरेसं वाटत नव्हतं. एकाच संकुलातल्या दोन वेगळ्या प्रथिनांत अर्धी-अर्धी उणीव असली, तरी कधीकधी चाचणी अशीच नापास होते. वाहिनी आणि तिचे सोबती यांच्या बाबतीत ही शंका रास्त आहे. म्हणून तीन गोष्टींची मागणी केली: त्या भागाचा पूर्ण तुकडा गळालेलं गुणसूत्र वापरून तीच चाचणी, प्रथिनांचा ब्लॉट (कुठलं प्रथिन किती आहे ते पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी), आणि स्लीपलेसचा जीनोममधला पूर्ण तुकडा परत घालून दुरुस्ती. मार्गदर्शकांना हे जास्तीचं वाटलं, कारण आमचा प्रबंध स्लीपलेसवर नव्हता. तरी विद्यार्थिनीने केलं, आणि मी तिची ऋणी आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं.

तुकडा गळालेल्या गुणसूत्रासमोर दोष पुन्हा उघडा पडला. माश्यांच्या डोक्यांच्या अर्कात स्लीपलेसची पट्टी दिसलीच नाही, शेकरची पट्टी स्पष्ट फिकी होती, आणि शेकरचा आरएनए मोजला तर कंट्रोलइतकाच. स्लीपलेसचा तुकडा तिसऱ्या गुणसूत्रावर घातल्यावर पाय शांत झाले, झोप परतली. जनुकाच्या आरपार पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) केला तेव्हा एक तुकडा वाढेनाच. क्रम काढला तर तिथे पी-घटकाचा, म्हणजे जीनोममध्ये उड्या मारणाऱ्या डीएनए-तुकड्याचा, एक मोडका अवशेष अडकलेला सापडला. गॅल-४ चं हे वाण कधीकाळी पी-घटक उडवूनच तयार झालं होतं. उड्यांच्या त्या गोंधळात एक तुकडा दुसरीकडे बसला आणि वाण ज्या-ज्या प्रयोगशाळांत गेलं तिथे तो सोबत गेला. कुणाच्याही नजरेस आला नाही, कारण बहुतेक सगळे हे गॅल-४ एकाच प्रतीत वापरतात.

निकाल

गॅल-४ आणि दोष यांना वेगळं करायचं तर पुनर्संयोजन हवं, आणि माशीत ते फक्त मादीत होतं, नरात होतच नाही. धुण्याचे क्रॉस आधीपासून चालू होतेच, पण सुरुवातीच्या दोन पिढ्यांत लाल डोळ्यांचे नर वापरले गेले होते. त्या दोन पिढ्यांत एक्स आणि तिसरं गुणसूत्र धुतलं गेलं, दुसरं मात्र अखंड पुढे आलं. मादी वापरायला लागल्यावर लाल डोळ्यांच्या एकेका अपत्यापासून वेगळी वाणं काढली, प्रत्येक वाण दुहेरी प्रतीत आणलं आणि ईथरखाली पाहिलं. थरथरणारी बाजूला, शांत राहणारी दुसरीकडे. झोपेच्या नळ्या शेवटी लावल्या, फक्त शांत वाणांसाठी.

मग मूळ प्रयोग नव्याने केला. या वेळी गॅल-४ प्रयोगातही एका प्रतीत आणि कंट्रोलमध्येही एका प्रतीत. झोपेतली मोठी घट नाहीशी झाली. रात्रीची झोप थोडी तुटक राहिली, तेवढा परिणाम खरा होता आणि पुन्हापुन्हा मिळाला. चार महिन्यांचा तो थक्क करणारा आलेख प्रबंधात आला नाही. ज्या प्रयोगशाळेकडून वाण आलं होतं तिला मार्गदर्शकांनी पत्र लिहिलं, दोषाची जागा आणि पीसीआरचे प्रायमर (तो दोष पकडायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) कळवले. हे पत्र लिहिणं सोपं नव्हतं. ते लिहिलं, याचं मला फार महत्त्व वाटतं.

काय वेगळं करता आलं असतं

कंट्रोलचा मुद्दा वर आलाच आहे. स्टॉक दुहेरी प्रतीत बांधला त्या दिवशीच कंट्रोलची यादी नव्याने लिहायला हवी होती. दुसऱ्याच्या शोधनिबंधातली यादी तशीच उचलली की असं होतं.

माझ्या सल्ल्याबद्दल मी जास्त विचार केला आहे. शेकरचं नाव घेणं चूक नव्हतं. शेकरचा प्रवाह बिघडला होता हे खरंच होतं. चूक अशी की 'शेकर बिघडला' यावरून मी थेट 'शेकरचं जनुक बिघडलं' इथवर उडी मारली. मधल्या जागेत हायपरकायनेटिक आहे, स्लीपलेस आहे, वाहिनीला पटलापर्यंत पोहोचवणारी यंत्रणा आहे. आणि ही मधली जागा कोणत्या गुणसूत्रावर आहे, हे दोन व्हायली सांगू शकत होत्या. आता अशा वेळी मी विचारते ते क्रमाने असं: दिसेल असं लक्षण आहे का, ते एक्सवर आहे का, प्रभावी आहे की अप्रभावी. जनुकाचं नाव त्यानंतर.

याची दुसरी बाजूही सांगते. थरथर नसती तर? २००५ च्या मिनिस्लीप अभ्यासात दिसलं होतं की शेकरची काही जुनी वाणं प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वाढल्यावर पुन्हा नीट झोपायला लागली होती, कारण झोपेची उणीव भरणारे बदल त्यांच्या पार्श्वभूमीत साठले होते. ते क्रॉस करून काढल्यावर निद्रानाश परत दिसला. म्हणजे पार्श्वभूमी दोन्हीकडून फसवते. कधी नसलेला परिणाम दाखवते, कधी असलेला लपवते. आमच्या नशिबाने आमच्याकडे ठळक लक्षण होतं. ते नसतं तर धुण्याच्या क्रॉसशिवाय मार्ग नव्हता आणि त्या क्रॉसमध्ये मादी वापरायची हे पहिल्या पिढीपासून ठरवायला हवं होतं. दोन पिढ्यांचे ते नर ही सवयीची चूक होती. नर गोळा करणं सोपं, कुमारी मादी निवडण्याचा त्रास नाही, म्हणून हात आपोआप तिकडे जातो.

एक प्रश्न मात्र उघडाच आहे आणि विद्यार्थिनीने तो प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणासाठी घेतला. स्लीपलेस नाहीसं झालेली माशी शेकर बिघडलेल्या माशीपेक्षाही कमी झोपते. सगळी झोप शेकरमार्गे गेली असती तर असं व्हायला नको. स्लीपलेस ॲसिटिलकोलीनच्या निकोटिनी ग्राहींनाही चिकटतं आणि त्यांना आवरतं, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं आहे. म्हणजे एकच सोबती दोन घरी काम करतो: एकीकडे पोटॅशियम वाहिनीला बळ देतो, दुसरीकडे उत्तेजक ग्राहीला लगाम घालतो. दोन्हींचा परिणाम एकच, पेशी शांत. आमच्या वाणातल्या गेलेल्या झोपेतला कुठला वाटा कुणाचा, हे वेगळं करायला ती आता शेकर आणि स्लीपलेस दोन्ही बिघडलेल्या माश्या बांधते आहे.

बाजूला काढलेली थरथरणारी वाणं त्यासाठी उपयोगी पडली. तंत्रज्ञांनी ती फेकली नव्हती. वेगळ्या ट्रेमध्ये, लवकर मरतात म्हणून दर आठवड्याला नव्या व्हायलमध्ये उलटवत, प्रत्येक व्हायलवर तारीख आणि 'ईथर: हो' एवढंच लिहून त्यांनी ती जपून ठेवली होती.